तो ठिपका बुधच कशावरून?

7 नोव्हेंबर 1631. पॅरिसमध्ये खगोल अभ्यासक पिएर गासँदी अंधाऱ्या खोलीत बसला होता. दुर्बिणीतून येणारं सूर्याचं बिंब त्यानं पांढऱ्या कागदावर पाडलं होतं. त्या दिवशी बुध सूर्यावरून सरकेल असं भाकीत खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं करून ठेवलं होतं, पण तो स्वतः आदल्याच वर्षी वारला होता. ढगांतून ऊन आलं तेव्हा गासँदीला बिंबावर एक बारीक काळा ठिपका दिसला. बुध एवढासा कसा असेल, हा सौर डागच असणार, असं समजून त्यानं तो सोडून दिला. पुन्हा पाहिलं तर ठिपका चांगलाच सरकलेला! सौर डागाला सूर्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जायला जवळपास दोन आठवडे लागतात. तेव्हा कुठे त्याची खात्री पटली.

आज हातात डिजिटल कॅमेरा असला तरी अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं सूर्यबिंबावरून जाणं, टिपणाऱ्या हौशी माणसाची पंचाईत तीच आहे. पृथ्वीवरून पाहताना सूर्यावरून जाऊ शकणारे ग्रह दोनच, बुध आणि शुक्र. शुक्र 2004 आणि 2012 मध्ये येऊन गेला, आता तो 2117 मध्ये येणार. म्हणजे आपल्या वाट्याला बुधच. तो शतकातून 13-14 वेळा येतो, नेहमी मे किंवा नोव्हेंबरमध्ये. नोव्हेंबरात त्याचा दिसणारा व्यास सूर्याच्या सुमारे 194व्या भागाएवढाच असतो.

सेन्सरवर याचा अर्थ काय होतो ते पाहू. 1000 मिलिमीटर फोकल लेंथची दुर्बीण सूर्याचं सुमारे 9 मिलिमीटरचं बिंब पाडते. त्यात बुध 0.05 मिलिमीटरलाही पुरत नाही. पिक्सेल 4 मायक्रॉनचा धरला, तर जेमतेम 12 पिक्सेल. 200 मिलिमीटरच्या लेन्सनं तो दोन-तीन पिक्सेलांत संपतो. नुसत्या मोबाइलचा तर विचारच नको.

आणि 12 पिक्सेलांचा काळा ठिपका म्हणजे सेन्सरवरच्या धुळीच्या कणाचीही नेमकी तीच शोभा. ओळखायची युक्ती सोपी आहे. दुर्बीण किंचित हलवून दुसरा फोटो घ्यायचा. धूळ चौकटीत जागच्या जागी राहते, ग्रह सूर्याबरोबर सरकतो. सौर डाग मात्र सूर्याबरोबरच सरकतो, म्हणून त्याचं रूप पाहायचं. मोठ्या डागाभोवती करडी किनार असते, आकार वेडावाकडा असतो. बुध काटेकोर गोल आणि डागाच्या गाभ्याहूनही काळा, कारण आपल्याकडे असलेली त्याची बाजू रात्रीची असते.

उजेडाची अडचण इथे उलटी आहे, तो टाकून द्यायचा असतो. सौर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, घट्ट, वाऱ्यानं उडणार नाही असा बसवायचा. नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) बसवायचे जुने गडद काचेचे फिल्टर वापरूच नयेत. एकवटलेल्या उष्णतेनं ते तडकतात आणि डोळा कायमचा जातो. डोळ्यांसाठीची सौर फिल्म साधारण एक लाखात एक भाग उजेड पुढे सोडते. फक्त फोटोसाठी बनवलेली, जास्त उजेड सोडणारी फिल्मही मिळते, पण तिच्यातून पाहणं धोक्याचं. नेम धरण्यासाठी बाजूला बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवायलाही विसरू नये. ते हमखास राहून जातं.

एक लाखात एक उजेड सोडणारी फिल्म लावली की आयएसओ 100 आणि एफ/8 ला 1/400 सेकंदाच्या आसपास सुरुवात करायची आणि मग थोडं वरखाली करून पाहायचं. यात फार डोकं घालू नये. खरी झुंज फोकसशी असते. स्क्रीनवर चित्र मोठं करून एखाद्या सौर डागावर फोकस जुळवायचा. डाग नसेल तर सूर्याच्या कडेवर. 2019 च्या अधिक्रमणाच्या वेळी सौरचक्र तळाला होतं, म्हणजे सूर्यावर डाग जवळपास नव्हतेच, तेव्हा कडेवरच भागवावं लागणार होतं.

फोकस साधला तरी हवा उरतेच. तापलेल्या छपरावरची किंवा डांबरावरची हवा सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरवते. म्हणून दुर्बीण गवतावर मांडलेली बरी. दुसरा उपाय म्हणजे एकेक फोटो न घेता व्हिडिओ घ्यायचा आणि हजारो चौकटींतल्या हवा क्षणभर स्थिर असतानाच्या चौकटी सॉफ्टवेअरनं निवडून एकावर एक रचायच्या. साध्या दुर्बिणीतूनही चकित करणारी धार येते ती याच मार्गानं.

सगळ्यात सुंदर क्षण म्हणजे बुध पूर्ण आत शिरतो तो. सूर्याच्या कडेला शिवल्यापासून दीड-दोन मिनिटं. तेव्हा कधीकधी ठिपका कडेपासून सुटतच नाही, थेंब ओघळावा तसा चिकटून राहतो. अठराव्या शतकात शुक्राच्या अधिक्रमणांत या ‘काळ्या थेंबा’नं वेळा नोंदवणाऱ्यांची दाणादाण उडवली होती. दोष बराच काळ हवेला दिला गेला. पण 1999 च्या बुधाच्या अधिक्रमणात सूर्याचा अभ्यास करणाऱ्या ट्रेस या उपग्रहानं तोच थेंब वातावरणाच्या वरून टिपला. दुर्बिणीची स्वतःची अस्पष्टता आणि सूर्यबिंबाचं कडेकडे मंद होत जाणं, हे दोन्ही मिळून तो घडवतात. तेव्हा फोटोत थेंब दिसला तर तो पुसून टाकायचा मोह आवरावा.

पुढचं अधिक्रमण 13 नोव्हेंबर 2032 ला आहे. ते आशिया, युरोप आणि आफ्रिकेतून दिसेल आणि साधारण साडेचार तास चालेल. तोवर सूर्यावर सौर डाग आहेतच. मोठे डाग कुणालाही टिपता येतात, सराव करायचा तो 12 पिक्सेलांत मावणाऱ्या बारक्या डागांवर.