आस्वानची एक दिवसाची टूर आणि त्यामागची दोन धरणं

इजिप्तच्या पॅकेजमध्ये आस्वानचा जो दिवस असतो त्याचा साचा ठरलेला आहे. सकाळी मिनीबस, आधी हाय डॅम हे मोठं धरण, मग खाणीत अर्धवट राहिलेला ऑबेलिस्क (एकाच दगडातून कोरलेला उंच टोकदार खांब), आणि शेवटी शलालच्या धक्क्यावरून मोटरबोटीने फिले बेटावरचं इसिस देवीचं देऊळ. मुंबई-पुण्याहून जाणारे ग्रुपही हेच करतात. गाइडची गोष्टही साधारण ठरलेलीच, राष्ट्राध्यक्ष नासरने धरण बांधलं, देऊळ बुडायला लागलं, मग युनेस्कोने ते उचलून दुसऱ्या बेटावर नेलं. ऐकायला मस्त आहे, फक्त त्यातून साठेक वर्षं गायब आहेत. फिले पहिल्यांदा बुडालं ते इंग्रजांच्या धरणामुळे, नासर तेव्हा जन्मलाही नव्हता. आणि ते जुनं धरण आजही तिथेच उभं आहे, बऱ्याचदा टूरची बस त्याच्यावरूनच जाते, पण थांबत नाही, त्यामुळे अर्ध्या लोकांना वाटतं हा नुसता एक पूल असेल.

आधी दगडाचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आस्वानला नाईलचा पहिला धबधबा आहे असं म्हणतात, पण आपल्या डोळ्यासमोर धबधबा म्हटल्यावर जे येतं तसलं काही नाही, नदीच्या पात्रात ग्रॅनाइटचे खडक वर आलेत आणि पाणी त्यातून वाट काढत जातं, एवढंच. इथून खाली उत्तरेकडे पार समुद्रापर्यंत नदीच्या काठाला मुख्यतः वालुकाश्म आणि चुनखडी, त्यामुळे लाल ग्रॅनाइट हवा असेल तर फॅरोंना, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांना, आस्वानलाच यावं लागायचं, आणि इथून तो नदीतूनच शेकडो किलोमीटर खाली न्यायचा. अर्धवट ऑबेलिस्क त्याच खाणीतला. साधारण 42 मीटर लांब, वजन हजार टनांच्या वर, बहुतेक जण तो हॅटशेपसुट राणीच्या काळातला मानतात, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. लोखंडी हत्यारं नव्हतीच, डोलेराइट नावाच्या कडक दगडाचे गोळे हातात धरून ठोकत ठोकत ग्रॅनाइटचा भुगा करत चर खणायचे. काम बरंच पुढे गेलं होतं, मग दगडाला तडे गेले आणि सोडून दिलं. आज उभा असलेला सगळ्यात उंच प्राचीन ऑबेलिस्क रोममध्ये आहे, तो 32 मीटरचा, त्यावरून अंदाज करा. रेजिनाल्ड एंगेलबाख या इंजिनिअरने 1922 मध्ये ही खाण साफ करून नीट अभ्यास केला, म्हणून तर हे काम कसं चालायचं ते एवढ्या तपशिलात माहीत आहे. गाइड इथे वीस मिनिटं देतो, माझ्या मते तासभर द्यायला हवा, पण उन्हात उभं कोण राहणार.

आता पहिलं धरण. 1882 मध्ये इंग्रजांनी इजिप्तवर ताबा मिळवला आणि तिथलं पाटबंधारे खातं चालवायला माणसं कुठून आणली, तर हिंदुस्थानातून! विल्यम विलकॉक्स, ज्याने हे धरण डिझाइन केलं, त्याचा जन्म इकडचाच, शिक्षण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात, आधी इथल्या कालव्यांवर नोकरी आणि 1883 मध्ये इजिप्तला रवाना. त्याचा वरिष्ठ कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ, तोही इकडे कालव्यांवर काम केलेला. धरण हवं होतं मुख्यतः कापसासाठी. नाईलला पूर यायचा उन्हाळ्याच्या शेवटी, इथिओपियात पाऊस पडला की, पण कापसाला पाणी लागायचं त्याच्या आधी, जेव्हा नदी सगळ्यात आटलेली असते.

खरी डोकेदुखी होती गाळाची. पुराचं पाणी गढूळ, ते अडवलं तर तलाव गाळाने भरणार आणि खालच्या शेतांना गाळ मिळणार नाही, आणि त्या गाळावरच तर इजिप्तची शेती हजारो वर्षं चालत आलेली. म्हणून भिंतीत 180 दरवाजे ठेवले. पूर आला की सगळे उघडे, गढूळ पाणी जाऊ दे, पूर ओसरून पाणी नितळ झालं की दरवाजे बंद करून साठवायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात सोडायचं. भिंत आस्वानच्याच ग्रॅनाइटची आणि पायाही त्याच खडकावर. मला तरी ही आयडिया नंतरच्या राक्षसी धरणापेक्षा जास्त हुशारीची वाटते, पण पाणी साठायचं फार थोडं, सुरुवातीला साधारण 1 अब्ज घनमीटर.

पाणी कमी असण्याचं एक कारण फिलेच होतं. विलकॉक्सच्या मूळ आराखड्यात भिंत जास्त उंच होती, त्यात बेट पूर्णच बुडत होतं, त्यावर युरोपात पुरातत्त्ववाल्यांनी आरडाओरडा केला आणि उंची कमी करण्यात आली. (तरुण चर्चिलने या लोकांची लिखाणातून यथेच्छ टिंगल केली होती, देवळासाठी शेतकऱ्याचं पाणी तोडता म्हणून.) देवळांच्या पायाला आधार दिला आणि 10 डिसेंबर 1902 ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते उद्घाटन झालं. हा म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, आधी बॉम्बे आर्मीचा सेनापती होता, पुढच्याच महिन्यात तो दिल्ली दरबाराला हजर होता.

पण उंची कमी केल्याचा फायदा फार टिकला नाही. 1907 ते 1912 मध्ये भिंत वाढवली, 1929 ते 1933 मध्ये परत वाढवली, साठा झाला साधारण पाचपट. मग फिलेची अवस्था आपल्या उजनीतल्या पळसदेवच्या देवळासारखी झाली, वर्षातले बरेच महिने पाण्यात आणि थोडे महिने बाहेर, फक्त महिने उलटे. पळसदेव उन्हाळ्यात दिसतं, फिले पुराच्या वेळी दरवाजे उघडले की बाहेर यायचं आणि ऐन हिवाळ्यात, म्हणजे टुरिस्ट सीझनमध्ये, पाण्याखाली. तेव्हाचे श्रीमंत युरोपियन लोक होडीत बसून देवळाच्या खांबांमधून फिरायचे आणि त्यांना ते फार रोमँटिक वाटायचं. भिंतींवरचे रंग तेवढ्यात धुऊन गेले. आज देवळात रंग का नाहीत असं कोणी विचारलं तर उत्तर इथे आहे.

आणि हे काही साधं देऊळ नव्हे. चित्रलिपीतला ज्ञात असलेला शेवटचा शिलालेख इथलाच, तारीख 24 ऑगस्ट 394. बाकी रोमन साम्राज्य ख्रिश्चन झालं तरी इसिसची पूजा इथे चालूच राहिली, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बंद करेपर्यंत.

आता नासर. 1952 ची क्रांती झाल्यावर नव्या सरकारला असं धरण हवं होतं जे एका वर्षाचं पाणी दुसऱ्या वर्षी वापरू देईल, दुष्काळ आला तरी चालेल एवढं मोठं. अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक पैसे देणार होते. 19 जुलै 1956 ला अमेरिकेने अंग काढून घेतलं, ब्रिटनही मागोमाग. नासर तेव्हा युगोस्लाव्हियात ब्रिओनीला टिटो आणि नेहरूंना भेटून निघाला होता आणि परतीच्या विमानात नेहरू त्याच्याबरोबरच होते. आठवड्याभरात, 26 जुलैला, अलेक्झांड्रियाच्या भाषणात त्याने सुएझ कालवा ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं, भाषणात ‘लेसेप्स’ (कालवा खणवणारा फ्रेंच माणूस) हे नाव आलं की त्याच्या माणसांनी कालव्याची ऑफिसं ताब्यात घ्यायची असा सिग्नल ठरला होता. मग युद्ध, मग 1958 मध्ये सोव्हिएत कर्ज, आणि 9 जानेवारी 1960 ला कामाला सुरुवात. धरणाजवळचं ते कमळाच्या आकाराचं उंच स्मारक या दोस्तीचंच. काम 1970 मध्ये पूर्ण झालं, सप्टेंबरात नासर गेला, उद्घाटन जानेवारी 1971 मध्ये त्याच्या जागी आलेल्या सादातने केलं.

हाय डॅमवर उभं राहिलं की लोक थोडे निराश होतात कारण भिंत अशी दिसतच नाही, रुंद रस्ता आणि दोन्हीकडे उतार. त्याचं कारण असं की हे धरण जुन्याच्या काही किलोमीटर वर आहे, आणि तिथे पात्रात खडकाच्या वर वाळू आणि गाळाचा प्रचंड जाड थर आहे. दगडी भिंत बांधायला पायाच नाही. म्हणून दगड-वाळूचा डोंगरच घातला, मध्ये चिकणमातीचा गाभा आणि खाली पाणी झिरपू नये म्हणून खोलवर ग्राउटिंगचा, म्हणजे जमिनीत दाबाने भरलेल्या मिश्रणाचा पडदा. उंची 111 मीटर, लांबी 3,830 मीटर, तळाशी रुंदी 980 मीटर, म्हणजे तळाला जवळजवळ एक किलोमीटर! वीज 2,100 मेगावॉट. मागचा नासर तलाव सुदानपर्यंत पाचशे किलोमीटर. पण 180 दरवाज्यांची युक्ती इथे नाही, सगळा गाळ तलावातच बसतो, शेतीला खतं घालावी लागतात आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खातोय. उलट बाजूने, 1980 च्या दशकात इथिओपियात भयंकर दुष्काळ पडला तेव्हा याच साठ्याने इजिप्तला तारलं, हेही खरंच. नोव्हेंबर 1981 मध्ये तलावाजवळ कलाबशाला भूकंप झाला, त्यामुळे जलाशयाने होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात आस्वानचं नाव आपल्या कोयनेच्या शेजारी येतं.

फिलेचं काय झालं तर ते आता दोन धरणांच्या मध्ये सापडलं. आधी निदान थोडे महिने कोरडं व्हायचं, आता बाराही महिने अर्धं पाण्यात आणि वीजनिर्मितीनुसार पाण्याची पातळी रोज खालीवर, जे दगडाला सगळ्यात वाईट. युनेस्कोची मोहीम मार्च 1960 मध्ये सुरू झाली होती, आधी अबू सिंबेलचं देऊळ उचललं कारण ते पूर्णच जाणार होतं (भारताची टीमही पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली न्युबियात, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेच्या नाईल खोऱ्यात, उत्खननाला गेली होती), फिलेचा नंबर शेवटी आला. 1972 पासून बेटाभोवती लोखंडी पत्र्यांची दुहेरी भिंत ठोकून मध्ये वाळू भरली, आतलं पाणी उपसलं, गाळ काढला, सुमारे 40 हजार दगडांना नंबर घातले आणि जवळच्या अगिलकिया बेटावर पुन्हा मांडले. त्या बेटाचा माथा सुरुंग लावून कापला आणि कडा फिलेच्या आकाराच्या केल्या. रोमन सम्राट डायोक्लेशियनचा दरवाजा भिंतीच्या बाहेर राहिला होता, तो ब्रिटिश आणि इजिप्शियन नौदलाच्या डायव्हर्सनी तळातून काढला. खर्चाला हातभार म्हणून लंडनच्या 1972 च्या तुतानखामन प्रदर्शनाचं उत्पन्नही आलं. मार्च 1980 मध्ये नवं बेट खुलं झालं, म्हणजे तिकीट काढून आपण जे बघतो त्यात दगड दोन हजार वर्षांचे आणि खालची जमीन 1970 च्या दशकातली.

माणसं मात्र अशी नंबर घालून हलवता येत नाहीत. न्युबियन लोकांची गावं 1902 ला गेली, 1912 ला गेली, 1933 ला गेली, दरवेळी ते थोडं वर सरकून पुन्हा घरं बांधत राहिले, आणि 1963-64 मध्ये वर सरकायलाही जागा राहिली नाही. इजिप्तमधल्या सुमारे 50 हजार जणांना कोम ओंबोजवळ सरकारी वसाहतींत नेलं, नदीपासून लांब, सुदानमधल्या तितक्याच लोकांना तर थेट शेकडो किलोमीटर दूर, पूर्व सुदानमधल्या खश्म अल-गिरबाला. टूरमध्ये संध्याकाळी रंगीत घरं आणि उंटाची सवारी असलेलं ‘न्युबियन व्हिलेज’ असतं, पण ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर आस्वानचं न्युबिया म्युझियम बघायला हवं, आणि तेच बहुतेक पॅकेजमध्ये नसतं. 2014 च्या राज्यघटनेच्या कलम 236 मध्ये त्यांना दहा वर्षांत मूळ भागात परत बसवण्याचं वचन दिलं, आणि त्याच वर्षी निघालेल्या अध्यादेश क्र. 444 ने त्यातल्याच काही गावांची जमीन सीमेवरचा लष्करी भाग म्हणून घोषित केली.