दिसायला दोन्ही कार्बनच, पण घाटात तापतात वेगवेगळी

रिम ब्रेकवाल्या, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या बाहेरच्या कड्यावर (रिमवर) घासतात अशा सायकलीची सेकंडहँड चाकं बघायला गेलं की विकणारा "कार्बन आहेत" एवढंच सांगतो, आणि त्यात दोन वेगळे प्रकार येतात. एक पूर्ण कार्बनची रिम, दुसरी आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून फक्त कार्बनचं खोल कव्हर. पॅड घासतं ती पट्टी बघायची, चकचकीत धातूची असली तर दुसरा प्रकार. काही अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांवर काळं कोटिंग असतं, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका, मॉडेल शोधा.

किनाऱ्याच्या रस्त्याला फार फरक पडत नाही, खाडीकडे उतरायचं, पूल, की लगेच चढ, तेवढ्यात रिम गार होते. आंबोली नाहीतर कुंभार्ली उतरताना मात्र पडतो. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरा, 600 मीटर खाली आलात तर साधारण 500 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी, म्हणजे दीड लिटर पाणी उकळीला येईल एवढी. थोडी हवेच्या विरोधात जाते, बाकीची ब्रेक दाबाल तशी पॅड आणि रिममध्ये.

अ‍ॅल्युमिनियम ही उष्णता पटकन पसरवतं आणि हवेला देतं. हात लावला तर चटका बसेल पण रिमला काही होत नाही, त्रास झालाच तर ट्यूब-टायरला. कार्बनचं उलटं, उष्णता पट्टीवरच अडकते, बोटभर खाली हात लावला तर गार लागतं आणि आपण निर्धास्त! कार्बनच्या धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन ठराविक तापमानानंतर मऊ पडतं, चांगल्या रिममध्ये ती मर्यादा 200 डिग्रीच्या वर असते, स्वस्तातल्यात बरीच खाली. त्यात टायरची हवा रिमच्या कडा सतत बाहेर ढकलत असते, मग पट्टी फुगते. दर फेऱ्याला ब्रेकच्या लिव्हरला एक ठोका जाणवायला लागला आणि बोट फिरवल्यावर उंचवटा लागला तर ती रिम संपली, स्पोक आवळून ती सरळ होत नाही. चिकटवायच्या ट्यूब्युलर टायरच्या रिमला अशा कडाच नसतात म्हणून ती जास्त तग धरते.

सगळ्यात वाईट म्हणजे घाबरून पूर्ण घाट ब्रेक धरून उतरणं, त्यातही तीसच्या आसपास स्पीडला, कारण तेव्हा हवेचा विरोध अजून कमी असतो आणि ब्रेकवर येणारा भार जवळजवळ सगळ्यात जास्त. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, मग सोडा, मधे वारा लागू द्या. पावसात कार्बन पहिले काही फेरे पकडतच नाही, तेव्हा लवकर दाबायला सुरुवात करा.

पॅडही वेगळे लागतात. अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेले कार्बनला लावले तर त्यात रुतलेले धातूचे कण पट्टी खरवडतात. माझं मत विचाराल तर घाट उतरणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टीच घ्या, थोडी जड असली तरी, आणि पूर्ण कार्बन आधीच घेऊन बसला असाल तर रत्नागिरी-गणपतीपुळे करायला ती मस्त आहे.