एआर हेडसेटचा डिस्प्ले आणि व्हीआरच्या तुलनेत त्याच्या मर्यादा

एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी) हेडसेट म्हणजे समोरचं खरं जग दिसत राहतं आणि त्याच्यावरच कॉम्प्युटरने काढलेलं चित्र दिसतं असा चष्मा. व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट डोळे पूर्ण झाकून आत स्वतःचा अंधार करतो आणि मग चित्र दाखवतो, त्यामुळे बाहेर ऊन असो की पाऊस त्याला फरक पडत नाही. एआरला पडतो.

एसटीची खिडकी आठवा. रात्री आतले दिवे लागलेले असताना घाटात काचेवर आपला चेहरा दिसतो आणि त्याच्यातूनच पलीकडची झाडंपण दिसतात, सकाळी तीच काच, तोच चेहरा, पण बाहेरच्या उजेडात प्रतिबिंब पार पुसलं जातं. पारदर्शक एआर हेडसेटचं तत्त्व हेच. 1968 मध्ये संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी दाखवलेल्या हेडसेटमध्ये अर्धपारदर्शक आरसे होते, आता मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्ससारख्या हेडसेटमध्ये वेव्हगाइड नावाची पातळ काच असते, पण तिच्यातून डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर बराचसा प्रकाश वाया जातो. भर दुपारी तारकर्लीची कोरडी वाळू साधारण 10,000 निट्सच्या (निट म्हणजे चमक मोजायचं एकक) आसपास चमकते आणि मॅजिक लीप 2 या एआर हेडसेटचा कमाल ब्राइटनेस आहे 2,000 निट्स, म्हणून त्यात काच गडद करायची सोय दिलीय, पण तशी केली की समुद्रपण काळवंडतो.

याहून मोठी अडचण काळ्या रंगाची. असा डिस्प्ले फक्त प्रकाश घालू शकतो, काढून घेऊ शकत नाही, त्यामुळे काळा म्हणजे त्याच्यासाठी पारदर्शक. किल्ल्याच्या तटावर काळी तोफ दाखवायची म्हटली तर तोफेच्या जागी मागचा जांभा दगडच दिसणार. सावलीचंही तेच, आणि सावली नसली की वस्तू जमिनीवर टेकलेली वाटतच नाही, अधांतरी तरंगते. त्यावर एक युक्ती करतात, सावलीच्या भोवतीचा भाग किंचित उजळवतात म्हणजे मधला भाग आपोआप गडद भासतो, पण उन्हात ती चालत नाही. व्हीआरमध्ये पिक्सेल बंद केला की काळा, एवढं सोपं.

चित्राची चौकटपण लहान. होलोलेन्स 2 मध्ये आडवा कोन साधारण 43 अंश, क्वेस्ट 3 या व्हीआर हेडसेटमध्ये 110. समजा विजयदुर्गाच्या पायथ्याशी 20 मीटर लांबीचं जुनं गलबत उभं करायचंय आणि बघणारा 10 मीटरवर आहे, तर होलोलेन्समध्ये जेमतेम 8 मीटर मावतात, म्हणजे नाळ बघितली की डोलकाठी गायब आणि मान वळवली की नाळ कापली जाते. व्हीआरमध्ये अख्खं गलबत मावतं. किल्ल्यांवर असं काही दाखवता यावं असं मनापासून वाटणाऱ्याला हा आकडा सगळ्यात जास्त बोचतो.

मान हलवली की चित्र किंचित मागे राहतं हे दोन्हीकडे होतं, पण व्हीआरमध्ये सगळंच एकत्र मागे राहतं म्हणून 20 मिलिसेकंद खपून जातात, एआरमध्ये तट जागचा हलत नाही आणि त्याच्यावरचं चित्र घसरताना दिसतं. फोकसचंही तसंच, होलोलेन्सचा फोकस 2 मीटरवर पक्का असल्याने हातातली आभासी वस्तू स्पष्ट बघितली तर खरा हात धूसर होतो.

यातून पळवाट म्हणजे पासथ्रू, म्हणजे व्हीआर हेडसेटवरच बाहेर कॅमेरे लावून जग स्क्रीनवर दाखवायचं. क्वेस्ट 3 आणि 2024 चा ॲपल व्हिजन प्रो असेच चालतात, त्यात काळा रंग, सावली, मोठी चौकट सगळं मिळतं. पण मग समुद्रसुद्धा कॅमेऱ्यातूनच बघायचा आणि दिवेलागणीनंतर त्याच्यात दाणे दिसायला लागतात. शिवाय बॅटरी संपली की डोळ्यांपुढे अंधार. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना अशी वेळ आली तर पारदर्शक काचेतून निदान पुढची पायरी तरी दिसते.