पहिले वाक्य सर्वांचेच असते

नागपुरातील आठवीच्या मुलांना ‘उन्हाळ्यातील एक दुपार’ हा विषय निबंधासाठी द्यावा आणि वह्या तपासायला घ्याव्यात, तर एकामागून एक वहीत ‘सूर्य आग ओकत होता’ हेच वाक्य सापडते. मे महिन्यात ज्या शहराचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तिथल्या मुलांना उन्हाचा अनुभव नाही असे कोण म्हणेल? तरीही तो अनुभव कागदावर उतरत नाही आणि मग मुलांजवळ कल्पनाशक्तीच उरलेली नाही, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. मला हे निदानच चुकीचे वाटते.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या अमेरिकी संशोधकांनी लिहिणाऱ्यांना लिहिता लिहिता मनातले विचार मोठ्याने बोलायला सांगितले आणि त्या नोंदींवरून 1981 मध्ये लेखनप्रक्रियेचे एक प्रारूप मांडले. आधी आखणी, मग लेखन आणि शेवटी तपासणी अशा सरळ रांगेत लेखन होत नाही, या तिन्ही क्रिया सतत एकमेकींत शिरत असतात, असे त्यातून दिसले. या सगळ्याचा भार पेलते ती कार्यस्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती क्षणभर धरून ठेवणारी मनाची व्यवस्था. तिची क्षमता फारच तोकडी आहे. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये केलेल्या मांडणीनुसार ती एका वेळी साधारण चारच गोष्टी धरू शकते. ऱ्हस्व-दीर्घ, अक्षराचे वळण, शब्दमर्यादा आणि गुणांची धास्ती एवढ्यातच ही जागा भरून गेली, तर सांगायचे काय याचा विचार करायला मुलाजवळ जागाच राहत नाही. अशा वेळी तयार वाक्य उचलणे हा आळस नसून मनाने केलेली काटकसर असते.

त्यातच मनाची आणखी एक रीत आहे. विटेचे किती उपयोग सुचतात, अशा धर्तीच्या चाचण्या मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या कामामुळे प्रसिद्ध झाल्या. गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1957 मध्ये असे आढळले की, सुरुवातीची उत्तरे बहुधा सर्वांना सुचणारी असतात आणि वेळ जाईल तशी निराळी उत्तरे येऊ लागतात. वारंवार वापरलेले संबंध मनात आधी जागे होतात, म्हणून पहिले वाक्य सर्वांचेच असते.

हे ध्यानात घेऊन माझ्या परिचयातल्या एका विद्यार्थिनीला मी निबंध लिहूच नको असे सांगितले. कालच्या दुपारच्या फक्त बारा नोंदी कर, शुद्धलेखनाकडे पाहू नकोस, एवढेच काम तिला दिले. पहिल्या चार नोंदी ऊन, घाम, सरबत आणि सुट्टी अशा होत्या. सातवी नोंद होती, ‘कूलरला पाणी सोडलं की वाळ्याच्या ताटीचा वास येतो आणि आजी म्हणते आता झोपा’. नववी होती, ‘दुपारि आई दाराची कडी पदराने धरून उघडते’. ही कडी वाचताना माझ्याच बोटांना चटका बसल्यासारखे झाले.

सातव्या नोंदीत वास यावा, हेही अगदी स्वाभाविक आहे. इतर बहुतेक संवेदना आधी मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र तिथे न थांबता भावनांशी निगडित अमिग्डला आणि आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस यांच्या परिसरात पोहोचतो. म्हणून मुलांना ‘काय पाहिले’ याइतकेच ‘कशाचा वास आला’ हेही आवर्जून विचारावे.

नोंदींनंतर कच्चा मसुदा आणि त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, दुरुस्ती असा क्रम ठेवला की कार्यस्मृतीवरचा भार वाटला जातो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील अनेक अभ्यासांचा 2007 मध्ये एकत्रित आढावा घेतला. आखणी आणि पुनर्लेखनाच्या रीती शिकवण्याचा, तसेच सुटी वाक्ये जोडण्याच्या सरावाचा लेखनाला उपयोग होतो, नुसते सुटे व्याकरण शिकवण्याचा होत नाही, असे त्यात दिसले. आपल्याकडे नेमका उलटा भर असतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील 2014 च्या एका अभ्यासात चालताना लोकांना अधिक नव्या कल्पना सुचल्या, मात्र एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामात चालण्याचा तसा लाभ झाला नाही. तेव्हा फुटाळा तलावाच्या काठावरची संध्याकाळची फेरी मसुद्याच्या आधी मारावी. दुरुस्तीला मात्र बसूनच भिडावे.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी दोन नोंदी जोडून लिहिले, ‘आईने पदराने कडी धरून दार लावले, कूलरला पाणी सोडले आणि वाळ्याचा वास घरभर पसरला, तेव्हा आजी म्हणाली, आता झोपा.’ तिच्या निबंधाची सुरुवात याच वाक्याने झाली. तिसऱ्या दिवशी वही पुन्हा वाचताना नोंदीतल्या ‘दुपारि’चे ‘दुपारी’ तिने स्वतःहून केले.