मुंबई टाइम: ३९ मिनिटांच्या वादाची पार्श्वभूमी

ईशान्य भारताला वेगळी प्रमाणवेळ द्यावी, ही मागणी दर काही वर्षांनी वर येते आणि प्रत्येक वेळी नवी असल्यासारखी चर्चिली जाते. पण एखाद्या शहराचे घड्याळ कुणी लावायचे, या प्रश्नावर मुंबई जवळजवळ अर्धे शतक भांडली आहे.

रेल्वे आणि तारायंत्र येईपर्यंत गावोगावची वेळ वेगळी असण्याने कुणाचे काही अडत नव्हते. मग वेळापत्रक आले आणि रेल्वेने मद्रासची वेळ धरली. तिथे वेधशाळा होती, शिवाय ते रेखांशाने मुंबई आणि कलकत्त्याच्या मधे पडत होते. ग्रिनिचच्या पुढे मुंबई ४ तास ५१ मिनिटे, मद्रास ५ तास २१ मिनिटे, कलकत्ता ५ तास ५३ मिनिटे. १८८१ मध्ये तत्कालीन गव्हर्नरांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावला. शहरातून इतका विरोध झाला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला.

खरा झगडा १ जानेवारी १९०६ पासूनचा. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची वेळ देशभर लागू झाली आणि मुंबईची घड्याळे ३९ मिनिटांनी पुढे सरकवायची वेळ आली. कागदावर हा हिशेब सरळ आहे: एका अंशाला चार मिनिटे. पण पाळी सुरू होण्याचा घड्याळातला आकडा तोच राहिला, तर गिरणी कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी चाळीतून निघावे लागणार होते. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबवले. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस होते, त्यामुळे सरकारी वेळ नाकारण्याला राजकीय धारही होती. तरी हे सगळे निव्वळ राष्ट्राभिमानाचे प्रकरण म्हणून सांगणे मला अपुरे वाटते. अंधारात उठायचे कुणी, हा त्यातला रोकडा प्रश्न होता. महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबई टाइमच ठेवला. रेल्वे आणि तारघर एका वेळेवर, पालिकेचे घड्याळ दुसऱ्या वेळेवर, अशी एकाच शहरात दोन वेळांची राहणी चालू राहिली. भेट ठरवताना ‘कुठला टाइम?’ हे विचारावेच लागे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी, १९५० च्या दशकात, हा वेगळेपणा संपला.

भूगोलाच्या अभ्यासकांना या गोष्टीची भाषा बऱ्याच उशिरा सापडली. जागा हा आपला विषय आणि काळ इतिहासाचा, अशी वाटणी त्यांनी बराच काळ मानली होती. १९७० च्या सुमारास स्वीडनमधल्या एका भूगोलतज्ज्ञाने माणसाचा दिवस जागा आणि वेळ यांच्या एकाच आलेखावर काढला. हातातल्या वेळात माणूस कुठवर जाऊन परत येऊ शकतो, याला मर्यादा असतात: शरीराच्या, इतरांसोबत एकाच ठिकाणी हजर असण्याच्या आणि सत्तेने घातलेल्या. गिरणीचा भोंगा या तिन्हींत बसतो. १९८९ मध्ये ‘काल-अवकाश संकोच’ ही कल्पना गाजली: भांडवलाच्या वेगाने अंतरे मिटतात. त्यावर लवकरच आक्षेप आला की अंतर सगळ्यांसाठी सारखे मिटत नाही. काहींच्या हाती वेग येतो, तर काहींना दुसऱ्याच्या वेगाने फरफटत जावे लागते. १९०६ ची मुंबई समजून घ्यायला हा आक्षेप मूळ कल्पनेपेक्षा जास्त कामाचा आहे.

आज तोच पेच आसामात आहे. देशाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या सूर्योदयांत जवळपास दोन तासांचे अंतर पडते. चहाच्या मळ्यांनी ब्रिटिश काळापासून ‘बागान टाइम’ एक तास पुढे ठेवला आहे. मळेकामगारांसाठीच्या १९५१ च्या कायद्याखाली, तो २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, राज्यांना कामाची वेळ स्थानिक पातळीवर ठरवता येत होती. २०१७ मध्ये वेगळ्या प्रमाणवेळेसाठीची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. पुढच्याच वर्षी प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दोन वेळांचा तपशीलवार प्रस्ताव मांडला. वेळ बदलते त्या सीमेवर रेल्वे अपघातांचा धोका वाढेल, ही त्यावरची नेहमीची हरकत. तो धोका कमी राहावा म्हणून प्रस्तावात सीमारेषा चिंचोळ्या पट्ट्यातून, आसाम आणि पश्चिम बंगालच्या हद्दीवरून आखली होती.