वर्किंग पेपरचा संदर्भ द्यायचा, पण कुठल्या प्रतीचा?

सायक्लोस्टाईलच्या जमान्यात वर्किंग पेपर म्हणजे प्राध्यापकांनी आपापसांत फिरवलेला कच्चा मसुदा, वर बहुतेकदा 'परवानगीशिवाय उद्धृत करू नये' असा शेरा, आणि तरी कोणी वापरलाच तर संदर्भसूचीत नुसतं 'मिमिओ' (म्हणजे सायक्लोस्टाईल केलेली प्रत) लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे मागाहून शोधणाऱ्याने बसावं डोकं खाजवत. 1973 मध्ये अमेरिकेतल्या एका आर्थिक संशोधन संस्थेने नंबर घातलेली मालिका सुरू केली, 1990 नंतर सगळंच नेटवर आलं. आपल्या मध्यवर्ती बँकेची मालिका मात्र मार्च 2011 ची.

खरा घोळ आहे तो प्रतीचा. पेपर पुढे जर्नलमध्ये छापून आला की संदर्भ कशाचा द्यायचा? बरेच सर लोक म्हणतात छापील तेच द्या, वजन पडतं. पण पोरांनी वाचलेली असते फुकटातली पीडीएफ, कारण जर्नल पैसे मागतं. वाचायचं एक आणि सूचीत दाखवायचं दुसरं, हे मला तरी पटत नाही. पान नंबर जुळत नाहीत ते सोडाच, कधीकधी आकडेच बदललेले असतात.

आणि छापील म्हणजे पक्कं असंही नाही. देशाचं कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की वाढ ढेपाळते, असं सांगणारा गाजलेला पेपर जानेवारी 2010 मध्ये वर्किंग पेपर म्हणून आला, मेमध्ये जर्नलमध्येही छापून झाला, खर्चकपातवाले पुढारी त्याचे दाखले देत सुटले. मग एका विद्यार्थ्याला तोच अभ्यास पुन्हा करून बघायची असाइनमेंट होती, त्याने लेखकांकडून एक्सेल शीट मिळवली तर सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश धरलेच नव्हते, शिवाय काही वर्षांचे आकडे गाळलेले. सगळं दुरुस्त केल्यावर उणे 0.1 च्या जागी 2.2 टक्के वाढ! हे 2013 मध्ये बाहेर आलं तेही वर्किंग पेपर म्हणूनच, त्याच्या आधीच्या तीन वर्षांत 'छापील द्या'वाल्यांनी चुकीचाच आकडा छातीठोकपणे दिला असणार.

आमच्या गोव्यात खाणबंदी हा असाइनमेंटचा हमखास विषय. 2012 ला खाणी बंद, 2014 ला बंदी उठली, फेब्रुवारी 2018 मध्ये लीजच रद्द. एखाद्या पेपरची 2013 ची प्रत वाचून सूचीत 2019 लिहिलंत तर बुडालेले रोजगार कुठल्या बंदीतले, हे मॅडमना कसं कळायचं?

बाकी 2018 च्या वाङ्मयचौर्याच्या केंद्रीय नियमांत असाइनमेंट मुळात धरलेलीच नाही, तरी कॉलेजं सॉफ्टवेअर लावतात ती गोष्ट वेगळी. संदर्भ कसे लिहायचे ते सांगणाऱ्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पुस्तिकेच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीत लिंकच्या आधी लिहायचं 'रिट्रीव्ड फ्रॉम' बहुतेक ठिकाणी गेलं, आणि प्रतीबद्दल तिथे सरळ म्हटलंय: जमल्यास अंतिम प्रत वापरा, पण मसुदा वापरला असेल तर मसुद्याचाच संदर्भ द्या. वर्किंग पेपरचा नंबर शीर्षकानंतर कंसात.