पार्श्वभूमी : ‘उचल देणे’ म्हणजे नेमके काय देणे?

यंदा कोणत्या मुकादमाने (म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी जमवून नेणाऱ्याने) कोयत्याला किती उचल दिली, ही चौकशी धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बीड जिल्ह्यातल्या भागांत पावसाळ्यातच सुरू होते. ऊसतोडीला निघण्याआधी हाती पडणारी रोख रक्कम म्हणजे उचल. कोयता म्हणजे इथे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता.

रीत साखर कारखान्यांहून जुनी. मराठवाडा निजामाकडे होता तेव्हाही सालगडी पाडव्याला साल ठरवायचा आणि लग्नासाठी, आजारपणासाठी मालकाकडून पैसे आधीच उचलायचा. ते फिटेपर्यंत मालक सोडायची सोय नसे. पुढे १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला, त्यापाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले आणि तोडीला माणसे कमी पडू लागली. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या कोरडवाहू पट्ट्यात खरीप निघाल्यावर हाताला काम नव्हतेच. १९७२ च्या दुष्काळाने उरलीसुरली घरेही बाहेर काढली.

उचलीचा पैसा कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मग टोळीकडे येतो. बी-बियाणे, किराणा, दवाखाना यांची नड असते नेमक्या त्याच दिवसांत तो मिळतो, म्हणून ‘मुकादमानं अडचणीला पैसे दिले’ असे सहज बोलले जाते. हे बोलणे मला खटकते. देणारा उपकारकर्ता ठरतो, पण दिलेली रक्कम घेणाऱ्याच्याच पुढच्या घामाची असते. टनामागच्या मजुरीतून ती वळती होते. अवकाळी आला, बाई आजारी पडली, खाडे झाले, की उचल फिटत नाही. बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जावे लागते. (दोघातिघांकडून उचल घेऊन भलतीकडेच गेलेल्या टोळ्याही आहेत आणि त्यापायी जमीन विकलेले मुकादमही. ठेकेदाराचा तगादा त्यांच्याच दारात येतो.)

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी माणूस बांधून ठेवणे गुन्हा ठरवले. उचलीचा हिशेब मात्र बहुतेक वेळा तोंडी, फार तर मुकादमाच्या वहीत. कारखान्याच्या हजेरीपटावर तोडणाऱ्याचे नावच नसते, त्यामुळे कोणी कोणाला बांधले हे दाखवणार कसे? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आले, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले. तो पैसा वसतिगृहे आणि कल्याण योजनांचा. पावसाळ्यातली नड अजून मुकादमाच्या उचलीवरच भागते.